फ्यूजकाकू आणि साडेआठशे वॅटचा डबा

फ्यूजकाकूंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, आणि का ठेवलं ते कोणाला विचारावं लागत नाही. राग बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर. पण त्यांना ते नाव मनापासून आवडतं. "फ्यूज उडाला म्हणून कोणी फ्यूजला शिव्या देतं का? वायरिंग तपासतात," असं त्या म्हणतात, आणि ज्याचं वायरिंग तपासायचं असतं त्याच्याकडे चष्म्यावरून बघतात.

वय अठ्ठावन्न. उंची एवढीशी, आवाज मात्र चौथ्या दुकानापर्यंत. एकोणीस वर्षं त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तांब्याच्या तारेचे वेढे घातले. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, घरात बसून भिंतींशी भांडणार, त्यापेक्षा माझ्या दुकानात या. फोन घ्या, पावत्या लिहा." दिराचं कॉम्प्युटरचं दुकान. पुढे काचेचा काउंटर, मागे पडद्याआड दुरुस्तीचं टेबल. काकू फोन घ्यायला म्हणून बसल्या आणि दीड महिन्यात पडद्याआड गेल्या. झालं असं की दुरुस्तीवाला काम सोडून गेला आणि एका गिऱ्हाइकाचं मशीन उघडंबोडकं टेबलावर पडून राहिलं. काकूंना ते बघवेना. त्यांनी आत डोकं घातलं, वास घेतला आणि बोट ठेवलं, "जळलंय ते इथे." तिथेच जळलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून ते टेबल काकूंचं. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत आकारावार लावलेले स्क्रू, सोल्डरिंगची कांडी, दांडी तुटलेलं भिंग, आणि एक उंच स्टूल, ज्याच्यावर काकांनी शिवून दिलेली उशी. काका म्हणजे काकूंचे यजमान, पेशाने शिंपी, स्वभावाने गरीब. घरात दोघांपैकी एकाला तरी गरीब असावंच लागतं.

आणि काकूंची एक रीत होती. मशीन पुरं झालं की शेवटचा स्क्रू आवळून त्या नखांना लावायच्या लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायच्या. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी पत्र्यावर. मागाहून कोणी तो स्क्रू फिरवला तर रेघ तुटायची आणि काकूंना कळायचं. "नखांना कधी लावला नाही, मेला सगळा स्क्रूंनीच खाल्ला," असं म्हणायच्या. रेघ असलेलं मशीन बिघडलं तर जबाबदारी काकूंची, मग चार दिवस झालेले असोत नाहीतर चार वर्षं. आसपासच्या गल्ल्यांतली माणसं मशीन घेताना आधी वाकून रेघ बघायची आणि मगच उचलायची. दिराच्या दुकानाच्या पाटीपेक्षा त्या रेघेचं वजन जास्त होतं, आणि हे दिरालाही ठाऊक होतं.

या रेघेला एकदा बट्टा लागला होता. तो किस्सा काकू स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. इतकी वर्षं तांबं आणि लोखंड हाताळल्यामुळे त्यांचा मनगटावर फार भरवसा. मशीनला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा, पॉवर सप्लाय, त्या हातात घेऊन दोनदा झुलवायच्या आणि निकाल द्यायच्या. चांगल्या डब्यात तांबं भरपूर, उष्णता बाहेर टाकणारी आतली पाती जाड, म्हणून तो जड. हलका तो लबाड. हा हिशोब वर्षानुवर्षं खरा ठरला. मग एक छान जड डबा आला. काकूंनी झुलवला, बसवला, रेघ ओढली. तीन आठवड्यांनी तो जळला आणि जळताना एका फोटोग्राफरचे आठ वर्षांचे फोटो घेऊन गेला. काकूंनी डबा उघडला, तर आत कोपऱ्यात सिमेंटचा गोळा चिकटवलेला. ज्यांनी तो बनवला त्यांना पक्कं माहीत होतं की जगात डबा उचलून बघणारी शहाणी माणसं असतात. गोळा त्यांच्यासाठीच होता. दुसरं कोणी फसलंच नसतं, काकूच फसल्या. त्या फोटोग्राफरच्या घरी गेल्या, दारात उभं राहून म्हणाल्या, "चूक माझी आहे." त्याने दार लावलं. ते दार काकू अजून विसरलेल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्यांनी फळी बनवली. लाकडाच्या फळीवर मोटारीचे बारा हेडलाइट, साठ-साठ वॅटचे, प्रत्येकाला वेगळं बटण, कडेला व्होल्टमीटर. डबा फळीला जोडायचा आणि एकेक दिवा लावत जायचं. चांगल्या डब्याचा काटा बारा व्होल्टच्या आसपास ठाम राहतो. लबाडाचा काटा खाली घसरतो. साडेअकराच्याही खाली उतरला की तो डबा मशीनमध्ये घालायचा नाही. सिमेंट काय, शिसं भरा, दिव्यांना वजनाशी काही देणंघेणं नाही.

तर अशा या काकूंच्या टेबलावर एका दुपारी बेकरीवाला आला. आडदांड माणूस, पण बोलणं हळू. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहायचा आणि दुपारी घरी जाऊन कॉम्प्युटरवर खेळायचा. त्याचा धाकटा भाऊ दूर परदेशात होता. दोघं एका खेळातल्या एकाच रणगाड्यात बसायचे. हा चालवायचा, भाऊ तोफ डागायचा. भावाभावांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या रणगाड्यातच. त्याने नवं, दांडगं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं आणि स्वतःच बसवलं होतं.

"खेळ रंगात आला की मशीन फटकन बंद पडतं, काकू," तो म्हणाला. "भाऊ म्हणतो, हरायला लागलास की पळतोस."

काकूंनी झाकण काढलं. "डबा जुनाच ठेवलास? साडेचारशेचा?"

"चालत होता की आजवर."

"आजवर घरात दोन माणसं जेवत होती. आता पहिलवान आणलास." काकूंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडे मांडले. कार्ड तीनशे वीस वॅट, प्रोसेसर एकशे चाळीस, पंखे, डिस्क आणि बाकीचं साठ. पाचशे वीस.

"मग साडेपाचशेचा घेऊ?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पावाच्या साच्यात पीठ काठोकाठ भरतोस का?"

"नाही. फुगतं ना."

"कार्डही फुगतं. स्क्रीनवर धूर, आग, स्फोट झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुप्पट मागतं आणि पुन्हा खाली येतं. त्या क्षणाला डब्याने हात वर केले की तुझा रणगाडा अंधारात. साडेसातशेचा लागेल. खरा साडेसातशेचा."

खरा, या शब्दावर काकूंनी जोर दिला, आणि नेमका तेव्हाच दिराने पडदा सारला. त्याच्या हातात चकचकीत काळा डबा. वर सोनेरी अक्षरं, ८५० वॅट. असे चाळीस डबे महिन्याभरापूर्वी दुकानात आले होते आणि परत घ्यायला घाऊक व्यापारी तयार नव्हता. "वहिनी, साडेसातशे कशाला शोधता? साडेआठशे हजर आहे."

काकूंनी डबा घेतला. जड होता. आता त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. त्यांनी तो उलटा केला आणि बाजूची बारीक अक्षरं भिंगाखाली धरली. कार्ड आणि प्रोसेसर ज्या बारा व्होल्टच्या वायरींवर जगतात, त्यांच्यापुढे लिहिलं होतं, तीस अँपिअर.

"बार त्रिक छत्तीस," काकू म्हणाल्या. "तीनशे साठ वॅट. वर साडेआठशे आणि खाली तीनशे साठ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हा मी बसवणार नाही, भाऊजी."

"गिऱ्हाइकासमोर असं बोलतात?"

"गिऱ्हाइकाच्याच घरात जळणार आहे ना? मग त्याच्यासमोरच बोलायला हवं."

दीर हसला. धंद्यातलं हसू होतं ते. "बरं, बघू. तुम्ही जेवून या." आणि काकू, इतक्या हुशार बाई, जेवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा बेकरीवाला काउंटरपाशी मशीन खांद्यावर घ्यायच्या बेतात होता. खुशीत होता. "झालं काकू, तुमची रेघपण आहे," म्हणाला.

काकू वाकल्या. स्क्रूच्या मधोमध लाल ठिपका होता, गोल, ओघळलेला, कुंकवाच्या बोटासारखा. पत्र्यावर काही नाही. तो स्क्रू दहा वेळा फिरवला असता तरी ठिपक्याला काही झालं नसतं. ज्या माणसाने अकरा वर्षं ती रेघ रोज बघितली, त्याला ती कशासाठी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. किंवा माहीत असूनही त्याची त्याला पर्वा नव्हती. काकूंचा राग मस्तकात गेला. आतला डबा खोटा होता तो होताच, पण वर त्यांचं नाव खोटं लावलं होतं. घरच्या माणसाने, त्यांच्याच बाटलीतून.

"खाली ठेव," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या.

"वहिनी, डबा विकला गेलाय," दीर म्हणाला.

"खाली ठेव म्हटलं ना." त्याने ठेवलं. काकू पडद्याआड गेल्या आणि फळी घेऊन आल्या. बनवल्यापासून ती फळी कधी पडद्याबाहेर आली नव्हती. त्यांनी ती काउंटरच्या काचेवर ठेवली, मशीनमधला डबा काढला, फळीला जोडला. दुकानात कीबोर्ड बघायला आलेली एक बाई होती, छपाईचा कागद न्यायला आलेला एक वकील होता. दोघंही काम विसरून उभे राहिले.

"वहिनी, दुकान माझं आहे."

"दुकान तुमचं, भाऊजी. रेघ माझी. तुमचं दुकान मी कधी माझं म्हटलंय का?"

पहिला दिवा लागला. काटा बारावर. दुसरा, तिसरा. चौथ्याला पावणेबारा. काचेचा काउंटर उजळून निघाला, उष्णता तोंडावर यायला लागली. काकू प्रत्येक बटणाआधी आकडा मोठ्याने वाचत होत्या, शाळेत हजेरी घेतात तशा. सहावा दिवा लावला आणि काटा साडेअकराच्या खाली गेला. डब्यातून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. "हे झाले तीनशे साठ," काकू म्हणाल्या, "अजून निम्मासुद्धा नाही." सातवं बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, सगळे दिवे गेले, डब्याच्या जाळीतून धुराची रेघ निघाली आणि दुकानभर जळक्या वार्निशचा वास पसरला.

मग दीर बोलला. असल्या वेळी बोलणारी माणसं काय बोलतात तेच बोलला. "एखादा पीस खराब निघतो. बाकीचे एकोणचाळीस ठणठणीत आहेत."

"मग आणा. दुपार मोकळी आहे माझी."

दिराचा चेहरा काळवंडला. "तुम्ही उद्यापासून येऊ नका, वहिनी."

"उद्याची वाट कशाला बघू?" काकूंनी फळी काखेत मारली आणि लाल रंगाची बाटली पदराच्या टोकात बांधली. स्टूल दुकानाचं होतं, ते राहिलं. बेकरीवाला आपलं उघडं मशीन आणि पैसे परत घेऊन त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.

घरी काकांनी शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि कापड बेतायच्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. पण संध्याकाळी हळूच म्हणाले, "तो धाकटा आहे. तू थोडं नमतं घे ना. माफी मागितलीस तर मिटेल."

"माफी कशाची? दिवे लावले त्याची?"

काका पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पण आतल्या गोष्टी आत सलत होत्या. ते टेबल काकूंना आठवायचं. हात सवयीने डावीकडे जायचा, जिथे स्क्रूच्या बाटल्या असायच्या, आणि तिथे काकांच्या सुया असायच्या. रागावणं सोपं होतं. पण सकाळी नऊ वाजता आवरून पायात चपला घालायच्या आणि मग आठवायचं की कुठे जायचं नाहीये, ते जड जायचं. दुसऱ्याच आठवड्यात दिराचा निरोप आला. परत या, पण डब्यांविषयी तोंड उघडायचं नाही, मी सांगेन त्या मशीनवर रेघ ओढायची. काकूंनी उलटा निरोप धाडला, "रेघ हवी असेल तर नखांवर ओढून देते."

दरम्यान बेकरीवाल्याने दुसरीकडून खरा साडेसातशेचा डबा आणला. काकूंनी तो फळीवर चढवला, बाराच्या बारा दिवे लावले, काटा हलेना. मग बसवला आणि रेघ ओढली. चार दिवसांनी तो गरम पाव घेऊन आला. भाऊ म्हणाला होता, आज पळाला नाहीस, तब्येत बरी आहे ना?

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जाऊ आली. धाकटी जाऊ, दिराची बायको. बाई मोठ्या आवाजात कधी बोलली नाही, दुकानाची पायरी कधी चढली नाही. चादरीत गुंडाळलेलं घरचं कॉम्प्युटर तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. चार गल्ल्या चालत आली होती.

"ताई, हे उघडून बघा," ती म्हणाली. "यात यांनी तीन आठवड्यांपूर्वी नवा डबा घातलाय. पोरगी दिवसभर याच्याशेजारी बसून अभ्यास करते. लोक काय काय बोलतात. मला झोप नाही."

काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि झाकण उघडलं. डबा काळा नव्हता, सोनेरी अक्षरंही नव्हती. साधा करडा रंग, बाजूला बारीक अक्षरांत जे लिहिलेलं ते वरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारं. काकूंनी फळी जोडली. दिवे लागत गेले, काटा बारावर बसल्यासारखा बसला. उत्तम डबा होता. आणि त्याच्या पाठीवर हमीची चिठ्ठी होती, दुसऱ्या दुकानाची, तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेची.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या स्वतःच्या दुकानात चाळीस नवे डबे पडलेले होते.

काकूंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. इतके दिवस त्या मनात म्हणत होत्या, हा फसला, याला कळत नाही, व्यापाऱ्याने याच्या गळ्यात मारले. तेवढी एक पळवाट त्यांनी दिरासाठी ठेवली होती. घरचं माणूस म्हणून. "घाबरू नकोस," त्या जावेला म्हणाल्या. "हा अगदी चांगला आहे. तुझ्या पोरीला याच्यापासून काही धोका नाही."

जावेने सुटकेचा श्वास टाकला. मग तिचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. वाचायला तिला वेळ लागला नाही. "हा तर बाहेरून आणलाय," ती म्हणाली. आणि चिठ्ठीवरच्या तारखेवर बोट ठेवून, "म्हणजे यांना सगळं माहीत होतं."

"हो," काकू म्हणाल्या. एवढंच. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण समोर त्याची बायको बसली होती.

जाऊ उठली. चादर तिने तिथेच टाकली. "झाकण लावू नका, ताई. असंच उचला. आपण दुकानात जाऊ."

"आत्ता? रविवारी?"

"रविवारी गर्दी असते."

मग त्या दोघी निघाल्या, एका बाजूने मोठी जाऊ, दुसऱ्या बाजूने धाकटी, मध्ये उघडं मशीन. दुकानात सहा-सात माणसं होती. दीर एका गिऱ्हाइकाला काळा डबा दाखवत होता, सोनेरी अक्षरांवर बोट फिरवत. जाऊ पुढच्या दाराने आत शिरली आणि मशीन काउंटरच्या काचेवर ठेवलं.

"हे इथे कशाला आणलंस?" त्याने विचारलं.

"यातला डबा काढा," जाऊ म्हणाली. आवाज नेहमीइतकाच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आणि तुमच्या त्या डब्यांतला एक बसवा. कुठलाही. तुम्हीच निवडा. पोरीला संध्याकाळी अभ्यासाला बसायचंय."

दिराने बायकोकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग आपल्या हातातल्या डब्याकडे. मागे मांडणीवर बाकीचे ओळीने लावलेले होते. त्याचा हात कुठल्याच डब्याकडे गेला नाही. गिऱ्हाइकाने त्याच्या हातातला डबा बघितला आणि ते दोन पावलं मागे सरकलं. जाऊ उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

काकू मात्र थांबल्या नाहीत. काउंटरच्या कडेची झडप उचलून त्या दिराच्या अंगावरून आत गेल्या, पडदा सारला, आपल्या स्टुलावर बसल्या आणि टेबलावर धूळ खात पडलेलं पहिलं मशीन पुढे ओढून त्याचे स्क्रू काढायला लागल्या. त्यांना उठवायला कोणी आलं नाही.